नोंदवहीतली घरं

पूर्वी एकेका घरात वीस-पंचवीस माणसं असायची, एका चुलीवर सगळ्यांचं शिजायचं, हे आपण ऐकत आलो. इंग्रजांचाही आपल्या पूर्वजांविषयी असाच समज होता. मोजून कोणी पाहिलं नव्हतं, इतकंच.

मोजायची सोय मात्र होती. आठव्या हेन्रीचा मंत्री थॉमस क्रॉमवेल याने १५३८ साली हुकूम काढला, की प्रत्येक चर्चने आपल्या हद्दीतले बाप्तिस्मे, लग्नं आणि दफनं वहीत लिहून ठेवावीत. लोकांना वाटलं, हा नवा कर बसवायचा डाव! कर बसला नाही, वह्या साठत गेल्या.

या वह्यांतून कुटुंब कसं जुळवायचं, याची पद्धत फ्रान्समध्ये लुई आंरी यांनी १९५० च्या दशकात बसवली. एका माणसाचा बाप्तिस्मा, त्याचं लग्न, मुलांचे बाप्तिस्मे, शेवटी दफन, अशा चिठ्ठ्या एकमेकींना जोडत जायचं. ज्यांच्यावर कोणी कसीदा लिहिला नाही, अशी माणसं हळूहळू उभी राहतात. १९६४ साली केंब्रिजमध्ये पीटर लॅस्लेट आणि टोनी रिग्ली यांनी यासाठी गट स्थापला. गावोगावच्या हौशी मंडळींनी ४०४ चर्चच्या नोंदी मोजून दिल्या. मला या बिनपगारी माणसांचं फार कौतुक वाटतं.

निघालं काय? १५७४ ते १८२१ या काळातल्या शंभर वस्त्यांच्या याद्यांत घरटी सरासरी माणसं भरली पावणेपाच! लग्न म्हणजे वेगळी चूल, अशी तिकडची रीत. चूल मांडण्यापुरती कमाई होईपर्यंत पोरंपोरी दुसऱ्यांच्या घरी चाकरी करत. मुलगी पंचविशीच्या आसपास बोहल्यावर चढे. डेव्हनमधल्या कॉलिटन गावात तर सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात हे वय तिशीच्या जवळ गेलं होतं. अठराव्या शतकात ते खाली आलं आणि लोकसंख्या वाढली. मरण कमी झालं त्यापेक्षा जन्म वाढले याचा वाटा मोठा, असं रिग्ली आणि रॉजर स्कोफिल्ड यांनी १९८१ च्या ग्रंथात दाखवलं.

गावंही स्थिर नव्हती. नॉटिंगहॅमशायरमधल्या क्लेवर्थच्या पाद्र्याने १६७६ साली गावातली माणसं मोजली, ४०१. बारा वर्षांनी पुन्हा मोजली, ४१२. वरून पाहता गाव तेच. पण आधीच्या पाचांतली तीन माणसं मेली तरी होती किंवा गाव सोडून गेली होती. गाव सोडलेल्याचा धागा वहीत तिथंच तुटतो. बायकांचं तर पुष्कळदा नावही नाही, दफनाच्या नोंदीत 'अमक्याची बायको' एवढंच. आमच्या शजऱ्यांत आणि तुमच्या वंशावळींत मुली कुठे असतात?

आपल्याकडे गावोगाव अशा वह्या नव्हत्या. पण पुण्याजवळच्या लोणीकंदची पाहणी डॉ. थॉमस कोट्स यांनी १८१९ च्या सुमारास करून ठेवली होती. गो. स. घुर्ये यांनी त्याच गावाचा पुन्हा अभ्यास करून १९६० साली पुस्तक लिहिलं. पुढे पॉलिन कोलेंडा यांनी १८१९, १९५८ आणि १९६७ ची घरं ताडून पाहिली, तेव्हा एकत्र कुटुंबांचं प्रमाण जुन्यापेक्षा नव्या काळातच जास्त भरलं. मला त्याचं फार नवल वाटलं नाही. नातवंडांनी भरलेल्या घरात आजोबा बसायचे, तर आधी आजोबा जगायला हवेत.