नळाची पावती आणि गटाराचा हिशोब

मागच्या वर्षी सांगलीत आमच्या नव्या घराला नळ घेतला. अर्ज, घरपट्टीची पावती, थकबाकी नसल्याचा दाखला, आणि मग भरायची रक्कम. तिच्यात जोडणीचं शुल्क होतं, अनामत होती, रस्ता खोदाईचे पैसे होते. मी प्लंबरना विचारलं, "आणि वापरलेलं पाणी कुठं जाणार?" ते म्हणाले, "त्याचं काय एवढं? समोर गटार आहे की!"

या 'आहे की'मागं मोठा इतिहास आहे.

माझं आजोळ साताऱ्याचं. छत्रपतींच्या काळात तिथं यवतेश्वर आणि महादऱ्याचं पाणी खापरी नळांनी गावात यायचं, हौदांत पडायचं. हौदावर पैसे लागत नव्हते, जात लागत होती. डॉ. आंबेडकरांचं बालपण साताऱ्यात गेलं. १९०१ च्या सुमारास ते भावंडांबरोबर बैलगाडीनं वडिलांकडे निघाले. डबा जवळ होता, पण रात्रभर प्यायला पाणी मिळालं नाही, हे त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय. फुकटच्या पाण्याचीही किंमत होती. ती कुणी मोजायची, हे जन्मावर ठरायचं.

१८५० च्या कायद्यानं गावांना कर बसवून सुधारणा करायची मुभा मिळाली आणि १८५३ साली साताऱ्यात नगरपालिका आली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कासचा तलाव झाला. कास शहरापेक्षा बरंच उंचावर आहे, त्यामुळं पाणी पाटानं आपसूक उतरून यायचं. खर्च होता तो पाण्याच्या वाटेचा: पाट, नळ, टाक्या.

सांगलीचं तसं नाही. हा जिल्हा १९४९ ते १९६० 'दक्षिण सातारा' होता, पण इथं कृष्णा शहराच्या खाली वाहते. जॅकवेलमधून पाणी उपसायचं, शुद्ध करायचं, टाकीत चढवायचं. दोन्हीकडे नळ अर्ध्या इंचाचाच, पण एकामागं डोंगराचा उतार आणि दुसऱ्यामागं विजेचं बिल.

मग दर ठरतो कसा? १९६५ च्या नगरपरिषद कायद्यात सामान्य पाणीपट्टी मिळकतींवर बसते आणि ज्यानं नळ घेतला त्याच्याकडून विशेष पाणीपट्टी घेता येते. आकडा सभेच्या ठरावानं ठरतो. जोडणीची रक्कम म्हणजे एका अर्थी प्रवेश फी: आधीच्या पिढ्यांनी बांधलेल्या तलावात आणि टाक्यांत आपला वाटा. मीटर नसेल तिथं नळाच्या व्यासावर ठोक वार्षिक पट्टी लागते. मग दोनशे लिटर वापरा की दोन हजार, रक्कम तीच. तिजोरीला तोटा झाला, तरी मतदाराला दुखवायचं नाही म्हणून दरवाढीचा ठराव बाजूला पडतो.

पाण्याचा हिशोब निदान वहीत तरी आला. सांडपाण्याचा कधी नीट आलाच नाही. मुंबईच्या १८८८ च्या महापालिका कायद्यात पाणीकराच्या जोडीला 'हलालखोर कर' होता. हलालखोर म्हणजे मैला उचलणारे लोक. घाण काढण्याच्या कराला थेट त्यांच्या जमातीचं नाव! ते काम जातीवर लादलेलं होतं, म्हणून शहरांना स्वस्त पडलं. हातानं मैला उचलायला बंदी घालणारा कायदा आला थेट १९९३ साली.

आता आकडे बघा. केंद्र सरकारच्या पाणीपुरवठ्याच्या १९९९ च्या निकषांत भुयारी गटार असलेल्या शहरात माणशी रोज १३५ लिटर पाणी धरलं होतं, नसेल तिथं ७० लिटर. कारण साधं आहे: जितकं पाणी आणाल, त्यातलं सुमारे ८० टक्के सांडपाणी होऊन बाहेर पडतं. पाच माणसांच्या घरात ६७५ लिटर येतं, तर ५४० लिटर घाण होऊन जातं.

ते जातं कुठं? साताऱ्याचे ओढे वेण्णा-कृष्णेला मिळतात. कृष्णा पुढं कराडला कोयनेला भेटते आणि सांगलीला येते. तिथं शेरी नाला तिच्यात मिसळतो. मग तेच पाणी नृसिंहवाडीकडे. वरच्या गावानं वाचवलेला पैसा खालच्या गावाच्या शुद्धीकरणाच्या खर्चात निघतो. पूर्वी हा बोजा एका जातीच्या डोक्यावर होता, आता खालच्या अंगाला राहणाऱ्यांच्या.

म्हणून तुमच्याकडे नळाची पावती आली, की 'एवढे पैसे कशाला?' हा प्रश्न जरूर विचारा. पण त्यात सांडपाण्याचा रकाना आहे का, हेही बघा. भुयारी गटाराची जोडणी महाग वाटते, कारण इतकी वर्षं तिचे पैसे दुसरं कुणीतरी भरत होतं.

आम्ही शेवटी मोरीच्या पाण्यासाठी शोषखड्डा केला. त्याचा खर्च नळापेक्षा जास्त आला. साताऱ्याला फोनवर कुरकुरलो, तर आजी म्हणाली, "पाणी आणायला पैसे दिलेस ना? मग घालवायला पण द्यायला लागतील की, बाळा."