सरहद्दी आखणारे कारागीर

अठराव्या शतकात अमेरिकेतील इंग्रजी वसाहतींमध्ये जमीन अफाट होती, परंतु तिच्या मोजणीची उपकरणे बहुधा लंडनहून येत. आणि पितळ महाग असल्यामुळे बोस्टनच्या टॉमस ग्रीनो यांच्यासारखे कारागीर भूमापनाची होकायंत्रे लाकडाचीच घडवीत. या व्यवसायाला शास्त्राची प्रतिष्ठा मिळवून देणाऱ्यांत अग्रगण्य होते पेनसिल्व्हेनियातील डेव्हिड रिटनहाऊस (१७३२–१७९६). शेतकऱ्याच्या घरी वाढलेल्या आणि घड्याळे घडविता घडविता गणित व खगोलशास्त्र स्वप्रयत्नाने आत्मसात केलेल्या या पुरुषाने १७६९ मध्ये शुक्राच्या अधिक्रमणाचा वेध स्वतःच उभारलेल्या वेधशाळेतून घेतला.

होकायंत्रातील चुंबकसूची खऱ्या उत्तरेपासून बहुधा किंचित ढळलेली असते आणि हा कल कालांतराने बदलतो. त्यामुळे जुन्या खरेदीखतांतील दिशा नव्या मोजणीशी जुळत नसत व सरहद्दीचे कज्जे उद्भवत. हा फरक व्हर्निअर पट्टीच्या (अंशाचे सूक्ष्म भाग मोजणाऱ्या सरकत्या मापपट्टीच्या) साहाय्याने होकायंत्रातच वळता करून घेण्याची सोय रिटनहाऊस व त्यांचे बंधू बेंजामिन यांनी घडविलेल्या यंत्रांत होती. १७९२ मध्ये डेव्हिड अमेरिकेच्या राष्ट्रीय टांकसाळीचे पहिले संचालक झाले, हा बहुमान थोरच; तथापि सामान्य शेतकऱ्याच्या मालकी हक्कास ज्या अचूकतेने भक्कम आधार दिला, ती अचूकता हेच त्यांचे चिरंतन कार्य मानले पाहिजे.