दशांश संख्या : डेटाबेसमधील साठवण व प्रदर्शन

वेब-प्रणालीच्या डेटाबेसमध्ये अपूर्णांकी मूल्य ठरावीक दशांश स्थळांपर्यंत अचूक ठेवून पडद्यावर वाचनीय रूपात दाखवण्याची पद्धती. संगणकाच्या द्विमान मांडणीत (पहा : द्विमान अंकपद्धती) ०.१ हा अपूर्णांक आवर्ती ठरत असल्याने, १९८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘आयईईई ७५४’ मानकातील द्विमान तरत्या बिंदूच्या दुहेरी अचूकतेच्या प्रकारात (पहा : तरता बिंदू) ०.१ व ०.२ यांची बेरीज ०.३ पेक्षा किंचित अधिक येते. म्हणून रकमा व मापे, एकूण अंक आणि दशांश स्थळे आधीच निश्चित करणाऱ्या ‘डेसिमल’ प्रकारात ठेवणे योग्य ठरते.

ही स्थळे मापावरून ठरतात. बारामती तालुक्यातील माळेगाव व सोमेश्वर किंवा इंदापूर तालुक्यातील भवानीनगरचा छत्रपती यांसारख्या सहकारी साखर कारखान्यांकडे (पहा : साखर उद्योग) येणाऱ्या उसाचे वजन मेट्रिक टनांत किलोग्रॅमपर्यंत नोंदवायचे झाल्यास तीन स्थळे लागतात; सातबाऱ्यावरील क्षेत्र हेक्टरांत चौरस मीटरपर्यंत मांडण्यास चार (१ हेक्टर = १०,००० चौ. मी.), तर दुधाच्या ३.५ फॅटला एक स्थळ पुरते.

प्रदर्शनात शेवटची शून्ये राखणे, लाख-कोटींनुसार स्वल्पविराम देणे (१,२३,४५६.५०) आणि पूर्णांकन हिशेबाच्या अखेरीसच करणे आवश्यक असते, कारण प्रत्येक खेपेला केलेले पूर्णांकन साठत जाऊन ऊसबिलाच्या एकूण रकमेत फरक पाडते.