खांद्यावरचीं वाद्यें

संगीताचा इतिहास लिहिणारे बहुधा मोठ्या वाद्यांचा इतिहास लिहितात. बीन, सतार, तंबोरा, सारंगी यांचीं कुळें शोधण्यांत पंडितांनीं आयुष्यें वेंचलीं आहेत, आणि तें योग्यच झालें. परंतु जें वाद्य माणसाबरोबर वाट चाललें, पावसांत भिजलें, धर्मशाळेच्या ओट्यावर धन्याच्या उशाशीं निजलें, त्याची विचारपूस क्वचितच कोणी केली. अशा वाद्यांविषयीं चार शब्द लिहावे असें आमच्या मनांत बरेच दिवस होतें. त्यास निमित्त मिळालें तें मात्र गेल्या पौषांत, विंचुरास.

नाशिकाहून निफाडावरून येवल्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर विंचूर हें गांव आहे. लासलगांवची प्रसिद्ध कांद्याची बाजारपेठ तेथून जवळच. त्यामुळें त्या दिवसांत हा रस्ता लाल कांद्यानें भरलेल्या ट्रॅक्टरांनीं गजबजून गेलेला असतो. आमच्या आत्याबाईंचें घर विंचुरास असल्यामुळें आमचें तेथें अधूनमधून जाणें होतें. या खेपेस आमच्या खांद्यावर एक लहानशी गिटार होती. प्रवासांत नेतां यावी म्हणून मुद्दाम लहान केलेली, वजनानें दीड किलोच्या आंतबाहेर, आणि एस्‌. टी.च्या गाडींत मांडीवर उभी धरली तरी शेजाऱ्याची कुरकूर होणार नाहीं एवढी आटोपशीर. पौष वद्य एकादशीस त्र्यंबकेश्वरीं निवृत्तिनाथांची यात्रा भरते. त्या यात्रेस निघालेली एक दिंडी दुपारच्या विसाव्यासाठीं नेमकी त्याच दिवशीं गांवांत उतरली होती.

दिंडीचे विणेकरी एक वृद्ध गृहस्थ होते. जेवणाच्या वेळीं आपल्या गळ्यांतील वीणा दुसऱ्याच्या गळ्यांत देऊन ते आत्याबाईंच्या ओट्यावर येऊन टेकले. पिशवींतून डोकावणारी गिटारीची मान पाहून त्यांनीं विचारलें, "हे कुठलं तुणतुणं म्हनायचं, भाऊ?" आम्हीं नांव सांगून वाद्य त्यांच्या हातीं दिलें. त्यांनीं एक तार छेडली, तिचा नाद पुरा विरेपर्यंत ऐकला, आणि पुन्हां विचारलें, "घरी खुंटीला असतं, का असंच संगं फिरतं?" आम्ही म्हणालों, "बरोबर असतें, बाबा." "मंग बरं," असें म्हणून त्यांनीं तें परत केलें.

प्रश्न सहज विचारलेला होता. परंतु तो आम्हांस लागला. कां लागला तें पुढें सांगूं.

वारकऱ्यांचा वीणेसंबंधींचा एक नियम येथें ध्यानांत घेण्याजोगा आहे. अखंड हरिनाम सप्ताह सुरू झाला म्हणजे सात दिवस वीणा भुईवर ठेवीत नाहींत. पहारे वांटून दिलेले असतात. एकाचा पहारा संपला कीं वीणा त्याच्या गळ्यांतून दुसऱ्याच्या गळ्यांत जाते. वाद्यास जागा नाहीं, माणूस हीच त्याची जागा, असा हा संकेत आहे. जें वाद्य अष्टौप्रहर माणसाच्या अंगावर राहावयाचें, तें अंगास पेलेल एवढेंच असलें पाहिजे, हें ओघानेंच आलें.

विंचुराचें नांव इतिहासांत प्रसिद्ध झालें तें विंचूरकर सरदारांमुळें. या घराण्याचे विठ्ठल शिवदेव हे मूळचे सासवडचे दाणी. पेशवाईंत ते आपल्या पराक्रमानें वर चढले. १७६१ च्या जानेवारीच्या १४ तारखेस ते पानिपतच्या रणांगणावर होते आणि तेथून जिवंत परतले. लढाया अशा सरदारांनीं मारल्या, पण त्यांच्या वार्ता गांवोगांवच्या चावडीपर्यंत नेल्या त्या शाहिरांनीं. अफजलखानाचा वध १६५९ सालीं झाला आणि त्यावर अज्ञानदासानें पोवाडा रचला. तेव्हांपासून पेशवाईच्या अखेरपर्यंत ही परंपरा तुटली नाहीं. विंचुराच्या दक्षिणेकडील टापूच पाहिला तरी संगमनेरचा अनंत फंदी आणि सिन्नरजवळच्या बावी गांवचा परशराम असे दोन नामांकित शाहीर त्यांत झाले. अ‍ॅक्वर्थ आणि शाळिग्राम यांनीं १८९१ सालीं ऐतिहासिक पोवाड्यांचा संग्रह छापला. तोंपर्यंत यांतील बरेंचसें धन कागदावर नसून शाहिरांच्या कंठांत होतें, आणि त्या कंठास साथ होती दोन वाद्यांची: डफ आणि तुणतुणें.

तुणतुण्याची रचना अगदीं साधी. लांकडाचें एक पोकळ नळकांडें, त्याच्या एका तोंडास कातडें मढविलेलें. बाहेरून एक दांडी ठोकलेली, दांडीच्या टोंकास एक खुंटी. आणि कातड्याच्या मध्यापासून खुंटीपर्यंत ताणलेली एकच तार. मुख्य शाहीर डफावर थाप मारतो; मागें उभा असलेला साथीदार तुणतुणें हातीं घेऊन ती तार छेडीत राहतो आणि धृपदास सूर देतो. त्या एका तारेंत स्वराचा आधारहि आहे आणि लयीचा ठेकाहि आहे. पडद्यांची खटपट नाहीं, गवसणीची काळजी नाहीं. तार तुटली तर दुसरी चढवावी आणि पुढील गांवची वाट धरावी. आपल्या भाषेंत 'तेंच तुणतुणें वाजविणें' हा वाक्प्रचार थट्टेचा झाला. परंतु एकाच स्वरानें ज्यानें रात्ररात्र पोवाडे तोलून धरले, त्या वाद्यास याहून बरा न्याय मिळावयास हवा होता.

चालत्या गाण्याची ही आवड इंग्रजी अमलांतहि टिकली. टिळकांनीं १८९४ सालीं पुण्यांत सार्वजनिक गणपति बसविला तो विंचूरकरांच्याच वाड्यांत. आणि त्या उत्सवाबरोबर जे मेळे निघाले, ते पदें गात रस्त्यांतून फिरणारेच होते.

आतां आमच्या पिशवींतील परदेशी पाहुणीचें कूळ पाहूं. गिटार ही स्पेन देशाची; तिची थोरवी आज सभागृहांत असली, तरी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांतील गिटारी अंगानें लहान आणि कंबरेंत बारीक असत. त्या दिवाणखान्यांत, दहापांच श्रोत्यांपुढें वाजत. पुढें स्पेनमध्यें आंतोनियो दे तोरेस (१८१७-१८९२) या कारागिरानें तिची पेटी मोठी केली, आंतील आधारपट्ट्या पंख्याच्या काड्यांसारख्या मांडल्या आणि तारेची लांबी सुमारें ६५ सेंटिमीटरांवर स्थिर केली. इकडे १८३३ सालीं जर्मनींतून अमेरिकेस गेलेल्या मार्टिन नांवाच्या कारागिराच्या घराण्यानें तेथें कारखाना चालविला. त्याच कारखान्यांतून १९१६ सालीं एक अवाढव्य गिटार बाहेर पडली. तिला नांव दिलें तें 'ड्रेडनॉट' या ब्रिटिश युद्धनौकेचें! श्रोते वाढले, सभागृहें वाढलीं, तसें वाद्यहि वाढलें. या वाढीसच आपण प्रगति म्हणतों.

परंतु त्याच काळांत दुसरीहि एक वाट चालू होती, आणि ती गरिबांची होती. पोर्तुगालच्या ताब्यांतील मदैरा बेटावर 'माशेत' नांवाची चार तारांची, हातभर लांबीची गिटार प्रचारांत होती. १८७९ च्या ऑगस्टच्या २३ तारखेस 'रॅव्हन्सक्रॅग' नांवाचें जहाज तेथील मजुरांना घेऊन हवाई बेटांतील होनोलुलु बंदरास लागलें. हे लोक उंसाच्या मळ्यांवर राबण्यासाठीं करारानें आलेले होते. त्यांत लांकूडकाम जाणणारे तीन कारागीरहि होते. त्यांनीं पुढें तेथल्या लांकडाचीं तशींच वाद्यें घडविलीं आणि त्यांतून 'युकुलेली' जन्मास आली. मजुराच्या गांठोड्यांत जें मावलें, तेंच समुद्र ओलांडून गेलें आणि एका नव्या देशाचें वाद्य झालें. आपल्या गोव्यासहि गिटार पोर्तुगिजांच्याच पावलांनीं आली. तेथील ख्रिस्ती घरांतून मांडो गातांना व्हायोलिन आणि घुमट यांच्या पंक्तीस ती बसली. पुढें गोमंतकीय वादकांबरोबर मुंबईस येऊन चित्रपटांच्या वाद्यवृंदांत शिरली. घुमट म्हणजे मातीच्या घटाच्या तोंडावर कातडें मढविलेलें वाद्य. त्याच्या शेजारीं तिला परकेंपणा वाटला असेल असें आम्हांस वाटत नाहीं.

प्रवासासाठीं मुद्दाम लहान केलेल्या गिटारी कारखान्यांतून मोठ्या संख्येनें निघूं लागल्या त्या गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकांत. म्हणजे युद्धनौकेचें नांव मिरविणाऱ्या वाद्यास पुन्हां होडी व्हावें लागलें. यांत लाभ आहे तशी हानीहि आहे, आणि ती लपविण्यांत अर्थ नाहीं. आमच्या गिटारीची तार ६५ ऐवजीं सुमारें ५८ सेंटिमीटर लांब आहे. त्याच जाडीची तार त्याच स्वरास लावावयाची, तर ताण लांबीच्या वर्गाच्या प्रमाणांत घटतो; या हिशेबानें तो जवळजवळ एक पंचमांशानें कमी होतो. तार सैल राहते, बोट जरा जोरानें पडलें कीं स्वर चढतो, आणि पेटींतील हवा थोडी असल्यामुळें खर्जास भरदारपणा येत नाहीं. मोठ्या गिटारीचा खर्ज छातींत घुमतो. आमचीचा कानापाशींच संपतो. तथापि रात्रीं निजलेल्या घरांत, कोणाची झोंप न मोडतां, जी वाजवितां येते ती हीच.

आतां विणेकरीबाबांचा प्रश्न आम्हांस कां लागला तें सांगतों.

आमच्या मातोश्री लग्नापूर्वीं गाणें शिकत होत्या, आणि त्यांच्या वडिलांनीं त्यांस मिरजेचा तंबोरा घेऊन दिला होता. मिरजेची ही कारागिरी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यांतील. पूर्वीं शस्त्रांस धार लावणाऱ्या शिकलगारांच्या घरांतून फरीदसाहेब सतारमेकर यांच्यासारखे कारागीर निघाले. पंढरपूरच्या आसमंतांत पिकणारे मोठे कडू भोपळे वाळवून तीं माणसें त्यांचे तुंबे करतात. २०२४ सालीं मिरजेच्या सतारीस व तंबोऱ्यास भौगोलिक मानांकनहि मिळालें. असा तो तंबोरा सासरीं आला. वडिलांची नोकरी बदलीची. पहिल्या बदलीच्या वेळीं ट्रकांत भांड्यांचीं पिंपें चढलीं, लोणच्याच्या बरण्या चढल्या, शिवणयंत्र चढलें. तंबोरा मात्र "पुढच्या फेरींत नेऊं" म्हणून गांवच्या माजघरांत खुंटीवर राहिला. पुढची फेरी झाली नाहीं. कांहीं वर्षांनीं तुंब्यास तडा गेला. मातोश्रींचें गाणें स्वयंपाकघरांतील स्तोत्रांपुरतें उरलें.

तंबोरा मोठा होता म्हणून राहिला, असें आम्ही इतकीं वर्षें समजत आलों. पण मोठे तंबोरेहि प्रवास करीत आलेच आहेत. किराणा घराण्याचे खांसाहेब अब्दुल करीम खां मिरजेस राहत. १९३७ च्या ऑक्टोबरांत ते आगगाडीनें पाँडेचरीस जात असतां वाटेंत त्यांची प्रकृति बिघडली. सिंगपेरुमलकोइल नांवाच्या लहानशा स्टेशनावर ते उतरले, त्यांनीं तंबोरा जुळवून घेतला आणि ईश्वराचें नांव गातांगातां तेथेंच देह ठेविला, अशी हकीकत सांगतात. खांसाहेबांचा तंबोरा मिरजेहून मद्रासपलीकडे गेला, कारण तो उचलावयास शिष्य होते आणि त्यांचें गाणें सोबत गेलें पाहिजे याविषयीं कोणास शंका नव्हती. आमच्या घरचें शिवणयंत्र तंबोऱ्याहून जड होतें, तें गेलें. दहा वर्षांचे आम्ही, आमची क्रिकेटची बॅट आठवणीनें ट्रकांत ठेविली. तंबोऱ्याची आठवण आम्हांस झाली नाहीं.

म्हणून वाद्य लहान कीं मोठें हा केवळ नादाचा प्रश्न नाहीं, असें आम्हांस आतां वाटूं लागलें आहे. कोणाचें गाणें बरोबर न्यावयाचें आणि कोणाचें मागें ठेवावयाचें, हा निर्णय त्यांत दडलेला असतो. ज्यांच्यासाठीं ओझें वाहणारे होते, त्यांचीं वाद्यें मोठीं होऊं शकलीं. शाहिरानें, वारकऱ्यानें, मदैराच्या मजुरानें तो निर्णय दुसऱ्यावर सोंपविला नाहीं. आपणांस पेलेल एवढें वाद्य त्यांनीं निवडलें आणि तें आपल्याच अंगावर घेतलें. आज मिरजेचे कारागीरहि प्रवासासाठीं चपट्या पेटीचे लहान तंबोरे करतात. ते चाळीस वर्षांपूर्वीं आमच्या घरीं असते, तर मातोश्रींस कोणाच्या फेरीची वाट पाहावी लागली नसती.

विंचुराहून परतल्यावर एका संध्याकाळीं आम्हीं गिटारीच्या दोन तारा षड्ज-पंचमांत लाविल्या आणि मातोश्रींच्या जवळ बसून नुसत्या छेडीत राहिलों. त्या गाइल्या नाहींत. भाजी निवडतांनिवडतां थोडा वेळ ऐकत होत्या, मग म्हणाल्या, "पंचम उतरलाय रे." सैल तारेचा तो दोष आम्हांस ठाऊक होता, आणि तसें आम्ही सांगणारहि होतों. तोंच त्यांनीं पदरास हात पुसले, गिटार मांडीवर ओढून घेतली, आणि कान लावून स्वतःच खुंटी पिळली.