उंदरिणीचा आवेश

मोर्शीच्या बाजूस, कपाशीच्या शेतांत काय आणि संत्र्यांच्या बागांत काय, उंदराची ओळख कोणास निराळी करून द्यावयास नको. विद्वानांनी मात्र ती बराच काळ नावापुरतीच करून घेतली. आपल्या शेतांतील मऊ केसांच्या उंदराच्या प्रजातीस ओल्डफील्ड थॉमस यांनी १९११ साली मुंबईच्या निसर्गेतिहास मंडळाचे मिलर्ड यांचे नाव दिले. स्वभावाचा शोध झाला तो परदेशी प्रयोगशाळांत, घरउंदरावर. आणि तोही आधी नराचा.

याचे मूळ बेर्थोल्ट यांच्या १८४९ मधील प्रयोगात आहे. वृषण काढलेले कोंबडे झुंजेनासे झाले. वृषण पोटात पुन्हा रोवलेले मात्र आरवत व झुंजत राहिले. १९०५ साली स्टार्लिंग यांनी अशा स्रावांस 'हॉर्मोन' म्हटले. पुढे झुंज म्हणजे पुरुषी स्राव, हे समीकरणच रूढ झाले. दोन अनोळखी नर एका पिंजऱ्यात सोडावयाचे, ही ठरलेली कसोटी! तीस मादी उतरली नाही यात नवल ते काय?

१९६८ साली एडवर्ड्स यांनी नवजात मादीस टेस्टोस्टेरॉन टोचले. मोठेपणी तेच पुन्हा देता ती नराप्रमाणे लढली. फॉम साल व ब्रॉन्सन यांचा १९८० मधील निष्कर्ष आम्हांस याहून विलक्षण वाटतो. उंदरिणीच्या उदरात गर्भ शेंगेतील दाण्यांसारखे ओळीने असतात. दोन भावांच्या मध्ये वाढलेल्या मादीच्या रक्तात हा स्राव अधिक असतो, व ती पुढे अधिक भांडखोर निघते. सुईवाचून, केवळ शेजाराने!

परंतु हे सारे मादीस नराच्या मापाने मोजणे झाले. तिचा स्वतःचा आवेश दिसतो तो बाळंतपणानंतर. परका नर पुष्कळदा पिले मारतो. तो घरट्याशी येताच ती त्याच्यावर तुटून पडते. गरोदरपणातील स्राव तिचे शरीर सिद्ध करतात, पण ठिणगी पिलांची. पिलांनी आचळ चोखल्यावाचून हा आवेश जागा होत नाही, असे स्व्हेअर व गँडेलमन यांनी १९७० नंतरच्या दशकात दाखविले. पिले अंगावरून सुटू लागली की तो ओसरतो. सोनेरी हॅमस्टरची मादी तर पिलांचीही वाट पाहत नाही. चार दिवसांतून एकदा माजावर येते तेवढ्यापुरता नर तिला चालतो. एरवी ती त्यास बुकलून काढते.

यावरून मनुष्यस्त्रीविषयी अनुमाने काढणे आम्हांस मुळीच मान्य नाही. मात्र 'मादी स्वभावतःच सौम्य' हे वाक्य पुष्कळ वर्षे प्रयोगावाचून चालले, हे खरे. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांनी प्राण्यांवरील संशोधनास द्रव्य मागणाऱ्यांनी नर व मादी या दोहोंचा विचार करावा, असा दंडक घातला तो २०१६ साली.