ट्रायपॉड घेताना उंची नंतर, आधी किती खाली बसतो ते पाहा

पावसाळा सुरू झाला की बेळगाव, चंदगड, सावंतवाडी आणि तिकडून वाळपई-साखळीकडची हौशी फोटोग्राफर मंडळी आंबोलीची नाही तर चोर्ला घाटाची वाट धरतात. कॅमेरा आणि मॅक्रो लेन्स मिळून गळ्यात पन्नास-साठ हजारांचा माल असतो. आणि तो ज्याच्यावर ठेवायचा तो ट्रायपॉड मात्र दीड हजाराचा, कधीतरी कुणाच्या लग्नात व्हिडिओ काढायचा म्हणून घेतलेला. चिखलात त्याचा एक पाय सरकला की सगळी रक्कम दगडावर. त्यामुळे हा हिशेब आधीच मांडलेला बरा.

दुकानात पहिला प्रश्न येतो, "साहेब, किती इंची दाखवू?" साठ इंची, सत्तर इंची असा माल उंचीवर विकला जातो. क्लोजअपचं काम करणाऱ्याने हा प्रश्न उलटा करावा. सड्यावरची सीतेची आसवं वीतभर उंचीची, कुजक्या लाकडावरची अळंबी तर बोटभर. तिथे पाच फुटी ट्रायपॉडचा काय उपयोग?

आधी क्लोजअपची अडचण समजून घेऊ. वस्तू जेवढी आहे तेवढीच सेन्सरवर उमटवायची, म्हणजे एकास एक प्रमाणात फोटो घ्यायचा, तर एफ ११ ठेवूनही स्पष्ट दिसणारा भाग जेमतेम एक-सव्वा मिलिमीटर जाडीचा असतो. श्वास घेतला तरी माणूस त्याहून जास्त हलतो. शिवाय एवढं जवळ गेलं की सेन्सरवर पोचणारा प्रकाश पाव हिश्शावर येतो. ढगाळ हवेत, झाडाखाली शटर सेकंदाच्या पंधराव्या भागापर्यंत, कधी त्याहूनही खाली उतरतं. हातात कॅमेरा धरून ते जमत नाही.

म्हणून पाहायची पहिली गोष्ट म्हणजे ट्रायपॉड किती खाली बसतो. पाय वेगवेगळ्या कोनांत फाकून जवळजवळ आडवे झाले पाहिजेत. तिन्ही पायांना मधे बांधणाऱ्या आडव्या पट्ट्या असतील तर ते होत नाही. स्वस्त ट्रायपॉडना बहुधा त्या असतातच. पाय फाकले तरी मधला दांडा, म्हणजे सेंटर कॉलम, जमिनीला टेकतो आणि कॅमेरा फूट-सव्वा फुटावर अडतो. दांडा आखूड करता येणारा, दोन भागांत सुटणारा किंवा पूर्ण काढता येणारा असेल तर कॅमेरा अर्ध्या फुटाच्या आसपास येतो. काहींत दांडा उलटा बसवून कॅमेरा खाली लोंबकळत ठेवायची सोय असते. जाहिरातीत ती छान दिसते, प्रत्यक्षात सगळी बटणं उलटी आणि ट्रायपॉडचे पाय मधे. आडवा होणारा दांडा त्याहून कामाचा, पण तो जितका बाहेर काढाल तितका हलतो आणि तोल एका बाजूला जातो.

हाच दांडा वर ओढून उंची वाढवणं हा नेहमीच्या फोटोग्राफीतला सगळ्यात मोठा घोटाळा आहे. तीन पायांचा ट्रायपॉड त्यामुळे एका पायाचा होतो. उंची मोजायची ती दांडा खाली ठेवून. साडेपाच फुटी माणसाला पायांची उंची १३० सेंटिमीटरच्या आसपास पुरते, कारण वर हेड आणि कॅमेऱ्याची वीतभर उंची मिळतेच.

पाय तीन भागांचे घ्यावेत की चार? तीन भागांचा मिटल्यावर लांब राहतो, दुचाकीला बांधायला अवघड, पण खालचा भाग जाड असल्याने ताठ उभा राहतो. चार भागांचा एसटीतही सहज मावतो. रोज प्रवास नसेल तर तीन भागांचाच बरा. कार्बन फायबरचा ट्रायपॉड ॲल्युमिनियमपेक्षा हलका आणि त्यातली थरथर लवकर थांबते. किंमत मात्र दुप्पट किंवा त्याहून जास्त. घाट पायी चढणाऱ्याने विचार करावा. गाडीतून उतरून पन्नास पावलांवर फोटो काढणाऱ्याने ते पैसे हेडवर घालावेत.

हेडबद्दल थोडं सविस्तर. नेहमीच्या कामाला बॉल हेड झटपट. पण स्वस्त बॉल हेड घट्ट केल्यावर कॅमेरा किंचित खाली झुकतो. निसर्गदृश्यात ते कळतही नाही, मॅक्रोत मात्र फूल चौकटीबाहेर जातं. तीन दांड्यांचं हेड जड आणि संथ, तरी एकेक दिशा वेगळी हलवता येते म्हणून क्लोजअपला सोयीचं. दातेरी चाकांचं गिअर हेड सर्वांत नेमकं, पण महाग. व्हिडिओचं पॅन हेड या कामाला घेऊच नये. कॅमेरा उभा करताना त्याची लांब मूठ पोटात येते. कॅमेऱ्याखालची प्लेट अर्का प्रकारची असावी. ती पावसात हरवली तर दुसरी कुठेही मिळते, आणि पुढे कॅमेरा पुढेमागे सरकवणारी फोकसिंग रेलही त्यावरच बसते.

वजन पेलण्याचा छापील आकडा जपूनच वाचावा. प्रत्येक कंपनी तो आपापल्या पद्धतीने काढते. कॅमेरा, लेन्स, फ्लॅश मिळून दीड किलो होत असेल तर निदान चार-पाच किलोचा आकडा बघावा. त्यापेक्षा दुकानातली परीक्षा खरी. आपला कॅमेरा सोबत न्यावा. फरशीवर रुपयाचं नाणं ठेवून ते चौकटीत भरून येतं का पाहावं. स्क्रीनवर चित्र मोठं करून हेडवर टिचकी मारावी आणि थरथर किती वेळ टिकते ते बघावं. दुकानदार कंटाळेल, कंटाळू दे.

ॲल्युमिनियमचा बरा ट्रायपॉड हेडसकट सहा ते दहा हजारांच्या घरात येतो. दीड हजाराचे तीन मोडून मग तो घेणारेच जास्त.

ट्रायपॉड लावला म्हणजे झालं असंही नाही. लेन्समधलं स्टॅबिलायझेशन बंद करावं, शटर दोन सेकंदांच्या टायमरवर सोडावं. धबधब्याला झुलत्या पुलावरून लावू नये. पूल हलतो तसा कॅमेरा हलतो. वाऱ्यात बॅग दांड्याला टांगायची तर ती जमिनीला टेकेल अशी, नाही तर तीच झोके घेते. बेडूक, किडे यांच्यामागे तर ट्रायपॉड नकोच, तिथे फ्लॅश आणि हात. अगदी जमिनीलगत तांदूळ भरलेली कापडी पिशवीही काम भागवते. पावसात तांदूळ भिजतात एवढंच.

सड्यावर पाय टेकवण्याआधी खाली पाहावं. एका फुलासाठी तीन जागी रोपं चिरडली जातात. गोलघुमट किंवा जुन्या गोव्यातल्या चर्चसारख्या पुरातत्त्व खात्याच्या स्मारकांत ट्रायपॉडला आधी परवानगी लागते. हातातल्या कॅमेऱ्याला सहसा कुणी अडवत नाही, ट्रायपॉड उघडला की शिट्टी वाजते.

चिखलात किंवा ओढ्यात उभा करताना सर्वांत खालचा भाग आधी पूर्ण उघडावा, म्हणजे लॉक पाण्याच्या वर राहतं. कोरड्या जागी उलट, वरचे जाड भाग आधी. फिरवून आवळायच्या लॉकमध्ये जांभ्याची बारीक माती गेली की ते करकरतं. खटक्याचं लॉक त्यामानाने सहन करतं. गोव्याच्या किनाऱ्यावरून आल्यावर गोड्या पाण्याने धुऊन पाय उघडे ठेवून वाळवावेत. ओला मिटून पिशवीत घातला तर पुढच्या वेळी लॉक उघडायला पक्कड लागते.