मागच्या बाकावरची मराठी

राजकारणाचा इतिहास सांगताना मंत्र्यांची नावे आधी येतात आणि बहुधा यादी तिथेच संपते. लोकसभेत अध्यक्षांच्या उजव्या हाताला सरकारपक्ष बसतो, डाव्या हाताला विरोधक. पुढची बाके मंत्र्यांची आणि पक्षनेत्यांची. मागे बसणाऱ्याला बोलायला वेळ मिळाला तर पाच-दहा मिनिटे, आणि दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात एखादी ओळ आली तर ते त्याचे नशीब. आज आम्ही अशाच एका मागच्या बाकावरच्या सभासदाविषयी बोलणार आहोत. त्यांचे नाव साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. मात्र ते आपल्या बीडचे खासदार होते हे पाटोद्यात चार जणांना विचारले तर तिघांना सांगता येत नाही. क्रांतिसिंह नाना पाटील १९६७ साली बीड मतदारसंघातून लोकसभेवर निवडून गेले.

नानांचा जन्म ३ ऑगस्ट १९०० चा. गाव वाळवे तालुक्यातले येडेमच्छिंद्र. शिक्षण मराठी शाळेतले, पोटापाण्याची नोकरी तलाठ्याची. १९३० च्या सविनय कायदेभंगात त्यांनी ती सोडली आणि पुन्हा कोणाची चाकरी केली नाही. १९४२ मध्ये ते भूमिगत झाले, ते १९४६ मध्ये प्रकट झाले. मधल्या काळात सातारा जिल्ह्यात प्रतिसरकार चालले. लोकांनी त्याला ‘पत्री सरकार’ म्हटले आणि तळपायाला पत्र्या ठोकण्याच्या कथा चवीने सांगितल्या. आमच्या मते या कथांनी प्रतिसरकारचे नुकसानच केले. खरे काम होते ते न्यायदान मंडळांचे: गावातला तंटा गावात, गावच्या भाषेत, वकिलावाचून मिटवायचा; सावकाराला आवरायचे, दारूला बंदी करायची, थोडक्या खर्चात लग्ने लावायची. ज्याला इंग्रजी कोर्टात आपली बाजूच मांडता येत नव्हती, त्याला पंचांपुढे उभे राहून बोलता आले. हा मुद्दा श्रोत्यांनी ध्यानात ठेवावा, कारण पुढे दिल्लीतही तोच आडवा आला.

स्वातंत्र्यानंतर नाना शेतकरी कामगार पक्षातून कम्युनिस्ट पक्षात आले. १९५७ च्या निवडणुकीत संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत सातारकरांनी त्यांना लोकसभेवर पाठविले. आता लोकसभेत बोलायचे कोणत्या भाषेत? घटनेचे १२० वे कलम सांगते की संसदेचे कामकाज हिंदीत वा इंग्रजीत चालेल. मात्र ज्या सभासदाला या दोन्ही भाषांत आपले म्हणणे पुरेसे मांडता येत नाही, त्याला अध्यक्ष मातृभाषेत बोलण्याची परवानगी देऊ शकतील. लोकसभेत मराठीतून बोलणारे पहिले सभासद म्हणून नानांचे नाव घेतले जाते, ते या तरतुदीच्या आधाराने.

त्या कलमाची शब्दयोजना जरा नीट पाहण्याजोगी आहे. मातृभाषा तिथे हक्क म्हणून येत नाही. उणीव म्हणून येते, आणि त्या उणिवेपोटी सवलत मिळते. ज्या माणसाच्या सभेला दहा कोसांवरून लोक बैलगाड्या जुंपून येत, ज्याच्या शब्दाने अख्खा जिल्हा साम्राज्यासमोर उभा राहिला, तो नियमाच्या दृष्टीने ‘म्हणणे पुरेसे मांडू न शकणारा’ सभासद ठरत होता! आम्हाला यात नवल वाटत नाही. वाटाघाटींच्या टेबलाशी आम्ही पंचवीसएक वर्षे बसत आलो आहोत. यंत्रावर हात गमावलेल्या कामगाराला ‘नीट इंग्रजीत लिहून आणा’ असे सांगणारे अधिकारी आम्ही पाहिले आहेत. लिहून आणणारा मिळेपर्यंत मुदत टळते, आणि मुदत टळली की मागणी मेली.

नानांच्या पक्षात डांगे, हिरेन मुखर्जी असे इंग्रजीचे फर्डे वक्ते होते. त्यांचे भाषण सभागृहात उमटे, दुसऱ्या दिवशी छापून येई. एकाच वेळी हिंदी-इंग्रजी भाषांतर ऐकवण्याची सोय लोकसभेत १९६४ साली झाली. तेव्हा १९५७ सालच्या सभागृहात मराठी बोलायला उभे राहणे म्हणजे बहुतेक बाकांना आपले शब्द कळणार नाहीत हे समजून उभे राहणे होते. काही जण याला हट्ट म्हणतील. पण मतदाराने ज्या तोंडाकडे पाहून मत दिले, ते तोंड दिल्लीत दुसऱ्याच्या भाषेत अडखळू लागले तर त्या मताचे काय झाले?

याचा खरा अर्थ सातारकरांपेक्षा मराठवाड्याच्या माणसाला अधिक लवकर कळावा. सातारा इंग्रजी राज्यात होता, तरी तिथली शाळा आणि तलाठ्याचे दप्तर मराठीत होते. आपला बीड जिल्हा निजामाच्या राज्यात. तिथे वरच्या कचेरीची भाषा उर्दू, कोर्टाची उर्दू, आणि १९१८ साली निघालेल्या उस्मानिया विद्यापीठात शिक्षणाचे माध्यमही उर्दूच. उर्दू ही मोठी भाषा आहे, तिच्याशी आमचे भांडण नाही. पण बालाघाटच्या माथ्यावरचा कुणबी आपल्याच जमिनीचा कागद वाचू शकत नव्हता. त्याला तो दुसऱ्याकडून वाचवून घ्यावा लागे, आणि वाचणारा सांगेल ते खरे मानावे लागे. २०२३ साली कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा जुनी दप्तरे उलगडण्यासाठी उर्दू आणि मोडी जाणणारी माणसे सरकारला हुडकावी लागली, हे आपण सर्वांनी पाहिलेच. १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामी संपली. १९५६ मध्ये आपण द्वैभाषिक मुंबई राज्यात आलो आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात. कचेरीत मराठी बोलता येऊ लागून पुरती दहा-अकरा वर्षेही झाली नव्हती, तोच या जिल्ह्याने लोकसभेत मराठी बोलणारा माणूस निवडून दिला. हा निव्वळ योगायोग असेलही, पण आम्हाला तो लक्षणीय वाटतो.

नाना बाहेरचे होते. ‘सातारच्या माणसाला बीडचे काय पडले?’ हा प्रश्न तेव्हाही सुचण्यासारखा होता आणि आजही आहे. त्याच लोकसभेत पुण्याचे मधु लिमये बिहारातील मुंगेरहून निवडून आले होते, आणि मुंगेरला त्याचा पश्चात्ताप झाल्याचे कोणी म्हणत नाही. बीडला तर विरोधी बाकाची सवय पहिल्यापासून. १९५२ साली या जिल्ह्याने रामचंद्र गोविंद परांजपे यांना पीपल्स डेमोक्रॅटिक फ्रंटच्या वतीने पहिल्या लोकसभेवर पाठविले. हैदराबाद राज्यात तेव्हा कम्युनिस्ट पक्षावर बंदी होती; म्हणून त्या पक्षाची माणसे या आघाडीच्या नावाने उभी राहिली होती. पुढची दोन वर्तुळे काँग्रेसची, मग १९६७ ला नाना, आणि १९७७ ला मार्क्सवादी पक्षाचे गंगाधरअप्पा बुरांडे. कारखानदारी फारशी नसलेल्या मुलखाने लाल बावट्याची माणसे तीनदा दिल्लीला धाडावीत, याचा अभ्यास कोणी पुरेसा केलेला नाही.

मागच्या बाकावरून करता काय येते? आमची चळवळीतली पोरे विचारतात, ‘दादा, सत्ता नाही तर तिथे बसून काय उपयोग?’ कायदा करता येतो म्हणावे, तर मंत्री नसलेल्या सभासदांची जी विधेयके १९५२ पासून संसदेने मंजूर केली ती सारी मिळून १४, आणि त्यांतले शेवटचे १९७० सालचे. पण प्रश्न विचारता येतो. तारांकित प्रश्नाला मंत्र्याने उभे राहून उत्तर द्यावे लागते आणि त्यावर उपप्रश्न निघतो. मंत्र्याने ‘पाहतो, करतो’ म्हटले की ते आश्वासन ठरते, आणि १९५३ सालापासून अशा आश्वासनांचा पाठपुरावा करणारी समितीच लोकसभेत आहे. युनियनच्या माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही. मालक तोंडी हो म्हणाला तर त्याचा अर्थ शून्य. इतिवृत्तात आले की त्याला धरता येते.

नाना पहिल्यांदा लोकसभेत होते तेव्हाच, डिसेंबर १९५७ मध्ये, सरकारपक्षाच्याच मागच्या बाकावरून फिरोज गांधी उठले. आयुर्विमा महामंडळाने मुंध्रा यांच्या कंपन्यांचे सुमारे सव्वा कोटी रुपयांचे शेअर का घेतले, हा त्यांचा सवाल. न्यायमूर्ती छागलांची चौकशी बसली आणि फेब्रुवारी १९५८ मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांनी राजीनामा दिला. फिरोज गांधींजवळ त्या दिवशी खाते नव्हते, कचेरी नव्हती. आकडे होते आणि बोलायची पाळी होती.

कधी कधी तर मागच्या बाकावरच्या एकेका मताला सोन्याचे मोल येते. १९६९ मध्ये काँग्रेस फुटली, इंदिरा गांधींचे सरकार अल्पमतात आले आणि कम्युनिस्ट व द्रमुक यांच्या पाठिंब्यावर उभे राहिले. १९६७ ला कम्युनिस्ट पक्षाचे २३ सभासद निवडून आले होते. बीडची जागा त्यांतली एक. बँकांचे राष्ट्रीयीकरण, संस्थानिकांचे तनखे, हे वाद त्या सभागृहात गाजले. तनख्यांचे विधेयक १९७० मध्ये लोकसभेत पार पडले आणि राज्यसभेत अगदी काठावर अडले.

बीडला यातून काय मिळाले, हा रोखठोक प्रश्न टाळून चालणार नाही. डोळ्यांना दिसेल असे फारसे नाही. लोकसभा मुदतीपूर्वीच, डिसेंबर १९७० मध्ये, बरखास्त झाली. १९७१ ला जागा काँग्रेसकडे गेली, आणि १९७२ च्या दुष्काळाने जिल्हा खडी फोडायला बसला. मांजरा याच पाटोदा तालुक्यात उगम पावते आणि इथल्या माणसाला घोटभर पाणी न देता खाली जाते. माणूसही तिच्यामागे खालीच जातो, कोयता घेऊन. १९७९ साली संसदेने आंतरराज्य स्थलांतरित कामगारांचा कायदा केला. तेव्हा बीडचे खासदार बुरांडे होते. कायदा चांगला, पण त्याची मेख अशी की राज्याची सीमा ओलांडली तरच तो लागू. पाटोद्याची जोडी बेळगावकडच्या उसात गेली तर कायद्यात बसली; कोल्हापूरच्या फडात गेली तर नाही. मुकादमाची उचल दोन्हीकडे तीच, पालही तेच. हा कायदा पुढे २०२० च्या संहितेत विलीन झाला. राज्यातल्या राज्यात हिंडणाऱ्या कोयत्याचा प्रश्न मात्र ज्याला विचारायचा त्याला अजून विचारता येईल.

रेल्वेचेही तसेच. नगर–बीड–परळी हा २६१ किलोमीटरचा मार्ग १९९५-९६ च्या सुमारास मंजूर झाला. आष्टीला गाडी आली सप्टेंबर २०२२ मध्ये, आणि बीड शहराला १७ सप्टेंबर २०२५ रोजी. मधल्या तीन दशकांत या जिल्ह्याचे किती खासदार झाले, ते कोणकोणत्या बाकांवर बसले, हे श्रोत्यांनी घरी बोटांवर मोजावे.

नाना ६ डिसेंबर १९७६ रोजी मिरजेत वारले. त्यांच्या प्रतिसरकारावर पुस्तके निघाली. खासदारकीवर पानेही निघाली नाहीत. लोकसभेचे जुने कामकाज आता संगणकावर पाहता येते, त्यात दुसऱ्या आणि चौथ्या लोकसभेचे खंड आहेत. त्यासाठी दिल्लीला जावे लागत नाही, पाटोद्यातल्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात बसून ते काम होईल. बीडच्या सभासदांचे प्रश्न आणि भाषणे, परांजप्यांपासून पुढची, कोणी उतरवून काढली, तर पुढल्या वर्षीच्या व्याख्यानमालेत त्यांच्या वाचनासाठी एक संध्याकाळ राखून ठेवावी, अशी विनंती आम्ही संयोजकांना करीत आहोत.